रिकाम्या जागेतल्या टाळ्या

मुलगी : बाबा, चिडायचं नाही हं. तुम्ही स्वतः मत कुणाला देता?

बाबा : आधी पंखा बंद कर. मी बोलणार आहे.

मुलगी : केला. आता सांगा.

बाबा : पंखा बंद केला म्हणजे मी रेकॉर्ड करणार. तुझ्याशी गप्पा मारायला नाही केला. आणि ते कपाटाचं दार ओढून घे, फट राहिली की आवाज घुमतो. ती रजई माझ्या डोक्यावरून सरकव जरा.

मुलगी : सरकवली. पण उत्तर द्या ना. मैत्रिणींनी पैज लावलीय. म्हणतात, तुझे बाबा सगळ्या शहराला मत द्या, मत द्या सांगत फिरतात, मग ते स्वतः कुणाला देतात ते विचारून दाखव. नाही विचारलं तर आठवडाभर सगळ्यांची दप्तरं मी उचलायची. तिसऱ्या मजल्यापर्यंत, बाबा.

बाबा : मी कुठं फिरतो? माझा आवाज फिरतो. मी इथं कपाटात रजयांमध्ये घामाघूम होऊन बसलेला असतो. आणि मत गुप्त असतं.

मुलगी : आता कसलं आलंय गुप्त. काल मी फोनजवळ नुसतं म्हणाले, चप्पल तुटली. संध्याकाळपर्यंत चपलाच चपला दाखवत होता, त्याही माझ्या मापाच्या. आणि वर रोज मलाच विचारतो, तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, चित्रातल्या सायकली ओळखून दाखवा. अरे, यंत्र तू, आणि परीक्षा माझी?

बाबा : पोरी, यंत्राचं नाव नको काढूस आज.

मुलगी : का?

बाबा : गेल्या निवडणुकीत पाच उमेदवारांनी भोंग्याच्या गाड्या काढल्या होत्या. पाचही गाड्यांवर मीच. एका चौकात दोन गाड्या समोरासमोर आल्या की मीच माझ्याशी भांडायचो. या खेपेला माझ्याकडे एकटे ते फरशीच्या दुकानाचे फरशीवालेच राहिले. औषधवाल्या बाईंनी यंत्राचा आवाज घेतला, बाकीच्यांनी त्यांचं पाहून घेतला. हे एक काम नीट पार पडलं तर फरशीवाले पुढच्या वेळीही बोलावतील. नाही पडलं तर तुझी आई आणि मी दोघं रजया वाळत घालायला मोकळे.

मुलगी : मी ऐकलाय तो यंत्राचा आवाज. कुणीतरी झोपेत पाढे म्हणतंय असं वाटतं.

बाबा : वाटू दे. त्याचा घसा बसत नाही. मीठ घालून गरम पाणी मागत नाही. श्वाससुद्धा घेत नाही.

आई : अहो, बाहेर या.

बाबा : अगं, पंखा बंद आहे, दिसत नाही का?

आई : पंखा गेला खड्ड्यात. गाडीवाल्याचा फोन होता. सकाळपासून लोक गाडीच्या मागे मागे फिरतायत.

बाबा : मागे फिरतायत? म्हणजे आवडलं म्हणायचं.

आई : हसतायत.

बाबा : हसतायत म्हणजे? मी काय हसण्यासारखं बोललोय? पाणी, रस्ते, कॅमेरे, संगणक. यात हसण्यासारखं काय आहे?

आई : ते मला नका विचारू. पोरं गाडीपुढे उभी राहून पुन्हा लाव, पुन्हा लाव म्हणतायत. एक बाई म्हणे भाजी निवडता निवडता दारात आल्या आणि पोट धरून खाली बसल्या. गाडीवाला घाबरलाय बिचारा.

बाबा : त्याला ऐकू येत नाही का, काय वाजतंय ते?

आई : भोंग्याखाली बसतो तो दिवसभर. कानात कापूस घालतो. त्याला वाटलं, लोकांना फरशीवाल्यांचा फोटो पाहून हसू येतंय. फोटोतली मिशी थोडी जास्तच काळी केलीय म्हणे.

बाबा : तू पाठवलेलं तूच ऐकलं असशील ना?

आई : मी कधी ऐकते? लग्नाला इतकी वर्षं झाली, दिवसभर घरात तुमचाच आवाज. त्यात कामातही कानात तुम्हालाच घालू? मी आवाज बंद ठेवते आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे आवाजाचे डोंगर बघून कापते. बोललात की डोंगर, श्वास घेतलात की छोटी टेकडी. टेकडी दिसली की कापायची. आजवर चुकले का कधी?

बाबा : नाही चुकलीस. पण टाळ्यांचं काय केलंस? प्रत्येक वाक्यानंतर मी जागा सोडली होती, तिथं टाळ्या चिकटव म्हणालो होतो.

आई : तुम्हीच चिकटवल्या होत्यात की. सगळ्या रिकाम्या जागा भरलेल्या होत्या. मी म्हटलं, चला, आज यांना सुबुद्धी झाली, आपलं आपण केलं.

बाबा : मी कशाला चिकटवीन? मला तो कॉम्प्युटर चालू करतासुद्धा येत नाही.

मुलगी : आई.

आई : थांब गं, मध्ये बोलू नकोस.

मुलगी : आई, त्या टाळ्या नव्हत्या.

आई : मग काय होतं?

मुलगी : मी होते.

बाबा : मी होते म्हणजे?

मुलगी : परवा तुम्ही दोघं बाजारात गेला होतात. मला फक्त मैत्रिणींना ऐकवायचं होतं. तुम्ही जागा सोडलेली असते ना बाबा, वाक्य संपलं की. इतकी छान, कुणीतरी बोलावं म्हणून ठेवल्यासारखी. मी त्या जागेत बोलले. मग ते फोनमध्ये घेतलं आणि कॉम्प्युटरवरचं पुसायचं राहिलं. फाइलचं नाव तेच होतं. आई, मला खरंच वाटलं मी पुसलंय.

बाबा : काय बोललीस?

मुलगी : जास्त काही नाही.

आई : काय बोललीस ते सांग. फरशीवाले स्वतः निघालेत इकडे यायला. गाडीवाल्यालाच सांगितलंय त्यांनी, आहेस तसा चल, मी तुझ्या शेजारी बसतो, मला तो आवाज काढणारा माणूस दाखव. आम्हाला निदान कळू दे कशावरून शिव्या खायच्यात.

मुलगी : तुम्ही म्हणता, आम्ही चोवीस तास पाणी देणार. मग मी म्हणते, चोवीस तास नक्की. फक्त एका दिवसातले की अख्ख्या वर्षातले, ते विचारू नका.

बाबा : अरे देवा.

मुलगी : मग तुम्ही म्हणता, प्रत्येक चौकात कॅमेरा. मी म्हणते, खड्ड्यात पडताना हसा, फोटो चांगला येईल.

आई : अजून?

मुलगी : प्रत्येक शाळेत संगणक. आमच्या शाळेत आहे. कपाटात आहे. कपाटाची किल्ली सरांकडे आहे. सर रजेवर आहेत.

आई : हसू नका अहो.

बाबा : मी कुठं हसतोय. खोकला आला.

मुलगी : आणि शेवटचं. तुम्ही तुमचा तो खास आवाज काढून म्हणता, तरुणांच्या मनातला नेता. मी म्हणते, तरुणांच्या मनात सध्या गाण्याच्या स्पर्धेतला कुरळ्या केसांचा मुलगा बसलाय. तो बाहेर पडला की जागा रिकामी होईल, अर्ज करून ठेवा. पण तो बाहेर पडणार नाही बाबा, कारण त्याची आजी दर भागात रडते आणि आजी रडली की परीक्षक रडतात, आणि रडल्यावर गुण कमी कसे देणार?

आई : मेले मी. हे सगळं बाजारपेठेतून वाजत गेलं?

बाबा : दवाखान्यासमोरूनही गेलं असणार. तिथं गाडी हळू चालवायला मीच सांगितलं होतं.

मुलगी : बाबा, मला माफ करा. मला कुणाचं काम घालवायचं नव्हतं.

बाबा : पाणी दे मला. कोमट. आणि पंखा लाव.

आई : हे बघा, वेळ नाही. ते विचारतील तेव्हा काय सांगायचं ते ठरवा. मी म्हणते, तुम्हाला ताप होता म्हणून सांगू.

बाबा : तापात माणूस मुलीच्या आवाजात बोलतो का?

आई : मग तुम्ही सांगा.

बाबा : यंत्रानं केलं म्हणू.

आई : कुठल्या यंत्रानं?

बाबा : कुठल्याही. हल्ली कुणाचं काही चुकलं की यंत्रावर ढकलतात. बँकवाले ढकलतात, रेल्वेवाले ढकलतात. आपण म्हणू, कॉम्प्युटरला टाळ्या लाव म्हणून सांगितलं, तो भलतंच बोलायला लागला. फरशीवाल्यांना पटेल. त्यांचा फोन त्यांना रोज सकाळी दुसऱ्याच नावानं हाक मारतो, स्वतःच सांगत होते.

आई : पटेल. हेच सांगू. आणि तू आतल्या खोलीत बसायचंस. पुस्तक उघडून. तोंड उघडायचं नाही.

मुलगी : पण बाबा, ते म्हणतील, एवढं बोलणारं यंत्र तुमच्याकडे आहे तर आम्हाला यंत्रच द्या. तुम्ही कशाला?

बाबा : ते मग बघू.

मुलगी : मग काय बघणार? तेव्हा तर सगळं संपलेलं असेल. आणि यंत्राला हे सुचलंच नसतं. त्याला आमच्या शाळेतलं कपाट कुठं माहीत आहे? सर रजेवर आहेत हे कुठं माहीत आहे?

आई : तुला तुझ्या विनोदांची पडलीय. इथं यांच्या पोटाचा प्रश्न आहे.

मुलगी : मलाही त्याचीच पडलीय. आई, पण मघापासून एकच डोक्यात येतंय. तू आवाज बंद करून कापलंस. गाडीवाल्याच्या कानात कापूस. बाबा स्वतःचं कधीच ऐकत नाहीत. फरशीवाल्यांनीही ऐकलं नसणार, नाहीतर दुपारपर्यंत थांबले असते का? बाबा एवढं घसा फोडून बोलतात आणि ऐकत कुणीच नव्हतं. आज पहिल्यांदा लोक थांबले. दारात आले. पुन्हा लाव म्हणाले.

बाबा : हसायला थांबले.

मुलगी : पण थांबले ना.

आई : गेल्या वर्षी हीच मुलगी वर्गात हजेरी द्यायला घाबरायची. समोर बसलेली असताना बाईंनी गैरहजर मांडलं होतं हिला. मी जाऊन भांडले होते, तर बाई म्हणाल्या, तिचा आवाजच आला नाही.

बाबा : आठवतंय.

आई : आणि आता चारही चौकांत हजेरी देऊन आली. मला पडद्यावर दिसली आणि मी ओळखलं नाही, बघा. तुमचा डोंगर मी झोपेत ओळखीन. हिचा कधी पाहिलाच नव्हता. मला वाटलं, गर्दी आहे.

मुलगी : कसा होता दिसायला?

आई : दंतुर. दम न घेता चढलेला. एकसुद्धा टेकडी नव्हती कापायला.

बाबा : ती श्वास घेत नाही बोलताना. मी सांगून थकलो.

मुलगी : बाबा, ते यायच्या आत सांगा ना. पैजेसाठी नाही. मत कुणाला देता?

बाबा : आता हे?

मुलगी : आत्ताच. नंतर तुम्ही माझ्याशी बोलाल की नाही कोण जाणे.

बाबा : काय सांगू पोरी. मत देताना कोण काय म्हणालं होतं ते आठवायचं असतं. मला सगळं माझ्याच आवाजात ऐकू येतं. फरशीवाले काय म्हणाले, औषधवाल्या बाई काय म्हणाल्या, सगळं मीच म्हणालेलो. मग मी यादीतलं शेवटचं नाव बघतो. ज्याला भोंगा परवडलेला नसतो. ज्याच्यासाठी मी एक शब्दही बोललेलो नसतो. त्याला देतो. बिचारा कधी निवडून येत नाही.

आई : आणि मला दर वेळी सांगता, विचार करून दिलं.

बाबा : विचार करूनच देतो.

आई : श्श. गाडी आली वाटतं. ऐका.

(खाली भोंग्यातून अर्धंच वाक्य ऐकू येतं आणि गाडी थांबते. जिन्यात जड पावलं.)

बाबा : पोरी, आत जा. आपलं ठरलंय, यंत्रानं केलं.

आई : जा गं. मी दार उघडते.

मुलगी : नाही. दार मी उघडणार. मी त्यांना सांगणार की आवाज बाबांचा, चूक माझी आणि बोलणंही माझंच. ते रागावले तर माझ्यावर रागावू देत. माफी मी मागीन, पण यंत्राच्या नावावर नाही मागणार. आणि त्यांना एकच विचारीन, लोक कुठल्या वाक्याला थांबले ते तुम्ही पाहिलंत का? तुम्ही दोघं इथंच बसा.

आई : अगं, पण त्यांच्यासमोर तुझा आवाज फुटेल का?

मुलगी : फुटेल. बाबा, पंखा बंद करा. मी बोलणार आहे.