वेलिचकाबाईंचा आदर्श हिस्सा

या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या वाचनालयाच्या प्रमुख सन्माननीय स्नेझानाबाई. बँकेच्या गहाणकर्ज विभागाच्या कोमलहृदयी व्यवस्थापिका पेन्चेवाबाई. ज्यांच्या हाती बांधकाम कंपनीचा पुष्पगुच्छ आहे आणि ज्यांच्या मुद्रेवर कंपनीची अनुपस्थिती आहे, ते कंपनीचे विधिज्ञ गेरोवसाहेब. सत्कारमूर्ती वेलिचकाबाई कारामिहोवा. आणि चार वर्षे बांधकामाच्या तात्पुरत्या विजेवर प्रकाशमान असलेल्या माझ्या सहनिवासी बंधुभगिनींनो,

निरोप हा सामान्यतः ज्याच्याकडे नोकरी केली त्याने द्यायचा असतो. वेलिचकाबाईंनी त्या कंपनीत बारा वर्षे घरे विकली. कंपनीने त्यांना निरोप दिला तो दोन ओळींचा, टपालाने. कारण नमूद केले, 'सांघिक भावनेचा अभाव'. केक नाही, भाषण नाही, एक घोट राकियाही नाही! म्हणून ज्यांना त्यांनी घरे विकली त्या आम्ही पामरांनी हा समारंभ योजिला आहे. आणि आपल्या रीतीप्रमाणे, ज्याचा दिवस असेल त्याने सर्वांचे तोंड गोड करायचे, म्हणून नोकरी गेलेल्या बाईने स्वतः चॉकलेटचे खोके आणले आहेत. हास्कोवो नगरीच्या इतिहासात बडतर्फीचे पेढे प्रथमच वाटले जात असावेत.

पुष्पगुच्छाविषयी एकच शब्द बोलतो. गेरोवसाहेब, मी फुले मोजली. ती सम संख्येत आहेत. सम संख्येची फुले आपण थडग्यावर ठेवतो, हे आपल्या कंपनीत कोणालाच ठाऊक नाही काय? की ठाऊक आहे?

असो. मी तत्त्वज्ञानाचा शिक्षक. शब्दांचे अर्थ शोधण्यात माझे केस गेले. तथापि गृहखरेदीच्या शब्दकोशापुढे मी नतमस्तक आहे. आपण घर घेतले ते 'हिरव्यावर'. म्हणजे काय? म्हणजे गवतावर! एक कुंपण, एक फलक, फलकावर एक हसरे कुटुंब, आणि खाली गवत. त्या गवतावर उभे राहून आपण प्राथमिक करारावर सही केली आणि घरी जाऊन सांगितले, आपले घर झाले. मग 'निव्वळ क्षेत्रफळ' आणि 'एकूण क्षेत्रफळ'. निव्वळ म्हणजे जिथे पलंग मावतो ते. एकूण म्हणजे ज्याचे पैसे देतो ते. या दोहोंमधील अंतराचे अभिधान आहे 'आदर्श हिस्सा'. जिना, छप्पर, लिफ्टची विहीर, यांतील आपला अदृश्य, अविभाज्य, अस्पृश्य वाटा! सत्तावीस वर्षे मी मुलांना शिकवत आलो की आदर्श इहलोकी सापडत नाही. तो मला जिन्याखाली सापडला, आणि त्याचे हप्ते मी भरतो आहे.

आणि दाखले! चौदावा, पंधरावा, सोळावा. आपल्या देशात मूल जन्मते तेव्हा त्याला एक दाखला मिळतो; इमारतीला मात्र तिन्ही लागतात. चौदावा म्हणजे सांगाडा उभा राहिला. पंधरावा म्हणजे काम पुरे झाल्याचे सर्वांनी लिहून दिले. सोळावा म्हणजे राहण्याची परवानगी. यांपैकी बँकेला प्रिय कोणता? चौदावा! त्या दिवशी नोटरी खरेदीखत करून देतो, बँक कर्जाची रक्कम सोडते, आणि आपला हप्ता सुरू होतो. पेन्चेवाबाई, मान डोलावू नका, मी स्तुती करत नाही.

आठवतो तो दिवस? छपरावर झेंडा चढला. मुख्य मिस्त्रीने रीतीप्रमाणे वरून एकेकाचे नाव पुकारून आशीर्वाद दिला, आणि आपण प्रत्येकाने कामगारांना भेट म्हणून दोरीवर एकेक नवा शर्ट टांगला. मी तर इस्त्रीचा टांगला! मिस्त्री गरजला, "द्रागिएव, या घरात नातवंडांची लग्नं पाहशील!" लोक रडले. बँकेने त्याच आठवड्यात पैसे सोडले, कामगार आपण दिलेले शर्ट अंगावर घालून गेले, ते गेलेच. सांगाड्याला आपण घर समजलो. मंडळी, हा प्रमाद जगात अन्यत्र कोणी करत असेल असे मला वाटत नाही.

"द्रागिएव, मुद्द्यावर ये! चीज भरलेली बानित्सा गार होतेय!"

आपल्या पाचव्या मजल्यावरच्या स्तोयनाआजी बोलल्या. आजी, मुद्द्यावरच येतो. जिथे लिफ्टच्या जागी केवळ लिफ्टची विहीर आहे, तिथे पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना मला दटावण्याचा पूर्ण अधिकार आहे.

आपल्याला हे घर विकले कोणी? वेलिचकाबाईंनी. त्यांनीही त्याच इमारतीत, त्याच बँकेचे कर्ज काढून, आपल्यासारखेच घर घेतले. तरीही चार वर्षे या इमारतीने त्यांना जिन्यात नमस्कार केला नाही. मग या वसंतात कंपनीने शेजारच्या गवतावर नवा फलक लावला. तेच हसरे कुटुंब, फक्त कुत्रा नवा.

त्या दिवशी मी कंपनीच्या कार्यालयात माझ्या छतातून गळणाऱ्या पाण्याची तक्रार घेऊन बसलो होतो. समोर एक तरुण जोडपे होते, कालोयान आणि देसिता; कर्जमंजुरीचे पत्र टेबलावर, पेन हातात.

देसिताने विचारले, "ताई, चौदावा झाला की राहायला येता येईल ना?"

बारा वर्षे या प्रश्नाला त्या कार्यालयात एकच उत्तर होते: गोड हसू. वेलिचकाबाई हसल्या नाहीत.

"चौदावा म्हणजे खांब, छप्पर आणि वारा, बाळा. राहायला सोळावा लागतो."

"मग जाहिरातीत 'चौदाव्याला चाव्या' असं का लिहिलंय?" कालोयान म्हणाला.

"देतात की चाव्या. दार तुम्ही बसवायचं."

"थट्टा करताय होय?"

"थट्टा? ती शेजारची इमारत दिसते? मी तिथेच राहते. चौथं वर्ष चाललंय, सोळावा नाही. मी हीटर लावला की या सरांचा दिवा जातो. विचारा, हे काय बसलेत."

दोघांनी माझ्याकडे वळून पाहिले. मी मान डोलावली. तत्त्वज्ञानाच्या सेवेत मी आजवर एवढा निर्णायक पुरावा दिलेला नाही.

देसिता रडवेली झाली. "पण ताई, बँकेनं दर किती कमी दिलाय!"

"दर बदलता आहे, राणी. आज कमी आहे. आणि हप्ता चौदाव्यापासून सुरू होणार, राहत्या खोलीचं भाडंही चालूच राहणार. दोन्ही एकदम पेलेल का, ते इथे नका ठरवू. घरी जा, चहा करा, मग ठरवा."

इतक्यात काचेच्या खोलीतून संचालक तेर्झिस्कीसाहेब बाहेर आले. "वेलिचका, तू पगार कुणाचा घेतेस?"

"तुमचाच, साहेब. तुमच्या जाहिरातीतल्या शब्दांचा अर्थ सांगतेय."

"अर्थ सांगायला नेमलंय का तुला?"

मंडळी, या प्रश्नावर मी महिनाभर चिंतन केले आहे. शब्द विकायचे, अर्थ विकायचा नाही! ज्या व्यवहारात माणूस आयुष्याची तीस वर्षे गहाण टाकतो, त्यात त्याला अर्थ सांगणे हा अपराध? माझ्या घरच्या धुलाईयंत्रासोबत अकरा भाषांतील पुस्तिका आली. घरासोबत काय आले? किल्ली. ती लागते असे दारही आम्हीच आणले!

जोडपे चहा प्यायला गेले, परत आले नाही. टपाल मात्र आले.

आता खरी गोष्ट. उद्या सायंकाळी आपल्या इमारतीची सर्वसाधारण सभा आहे. कंपनीला नवी इमारत आपल्या भिंतीला भिंत लावून उभारायची आहे आणि त्यासाठी आपली संमती हवी आहे. कंपनी म्हणते, आधी संमती द्या, मग सोळावा करून देऊ. आपण म्हणतो, आधी सोळावा. एकदा भिंत चिकटली की आपल्याला विचारतो कोण? सभेत मते डोकी मोजून पडत नाहीत, आदर्श हिस्से मोजून पडतात. न विकलेल्या घरांचे हिस्से कंपनीकडेच आहेत, आणि काही शेजारी थकून तिकडे वळले आहेत. मी त्यांना दोष देत नाही. अंधाऱ्या जिन्याने माणूस थकतो. पारडी समसमान आहेत. उरला एकच हिस्सा, तो वेलिचकाबाईंचा.

काल गेरोवसाहेबांनी मला जिन्यात थांबवले. साहेब, आपलेच शब्द सांगतो, चुकल्यास दुरुस्त करा. आपण म्हणालात, "तुमची बाई संमतीच देणार, सर. साहेब तिला परत घेतायत, विक्रीप्रमुख म्हणून. तिचा हप्ता कोण भरणार? तुमचं तत्त्वज्ञान?"

गेरोवसाहेब दुरुस्ती करत नाहीत. कृपया नोंद व्हावी.

हे ऐकून मी रात्री बायकोसमोर इतका संतापलो की ती म्हणाली, "अहो, ओरडताय कशाला, भिंत पातळ आहे." ज्याने बाईला अर्थ सांगितल्याबद्दल काढले, तो आता तिची नोकरी तिलाच विकायला निघाला आहे! तीही हिरव्यावर!

वेलिचकाबाई, हा प्रश्न न्याय्य नाही हे आम्हाला समजते. हप्ता आपल्याला एकटीला भरायचा आहे. म्हणून काल रात्री आम्ही सर्व शेजाऱ्यांनी ठरवले, आणि मला हे जाहीरपणे सांगण्याचा आदेश आहे: आपण उद्या हात कुठल्याही बाजूने वर करा, आम्ही रागावणार नाही. जिन्यात आपल्याला नमस्कार होईल. चार वर्षे तो झाला नाही, हा आमचा असंस्कृतपणा होता, आपला अपराध नव्हे. आम्ही आपल्याकडे मत मागत नाही. आम्ही केवळ...

"सर, बसा हो खाली."

बाई उभ्या राहिल्या आहेत. मंडळी, शांतता. अध्यक्षांच्या अनुमतीने...

"अनुमती कसली, दोनच वाक्यं आहेत. गेरोवसाहेब, तेर्झिस्कीसाहेबांना आजच कळवा, म्हणजे ते माझं टेबल पुसून ठेवायचे नाहीत. उद्या मी सभेला येणार आहे, कामाला नाही."

...

मंडळी, टाळ्या पुरे. पुरे! स्तोयनाआजी, खुर्चीवर चढू नका.

माझ्या लिखित भाषणाची अद्याप चार पाने शेष आहेत. त्यांत व्याजदरावर एक संस्कृतप्रचुर परिच्छेद होता. तो मी आनंदाने खिशात घालतो. अध्यक्षांनी संयम राखला, पेन्चेवाबाईंनी माझ्या कर्जाचा विषय काढला नाही, गेरोवसाहेबांनी उठून जाण्याचा मोह आवरला, आणि आपण सर्वांनी कान दिलेत, याबद्दल मी कृतज्ञ आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा अवमान झाला असल्यास उदार मनाने पोटात घालावा. तेर्झिस्कीसाहेबांचा झाला असल्यास तो मात्र जसाच्या तसा त्यांच्यापर्यंत पोहोचवावा, ही विनंती.

सभा उद्या सात वाजता, जिन्यात. बॅटऱ्या आणा.