हलकं खोकं

जकारियस : हे खोकं इतकं हलकं कसं गं, राहेल?

राहेल : पिसांच्या उशा असतील त्यात. ठेव खाली, दादा. तुझ्या कमरेला झेपायचं नाही.

जकारियस : वर तू कोळशाने लिहिलंयस, "भांडी".

राहेल : मग भांडी असतील.

जकारियस : भांडी वाजतात. हे वाजत नाही. आणि हे दुसरं... हेही तसंच. दाजी, जरा इकडे या.

यॉर्ग : मला नका विचारू. मी बूट शिवणारा माणूस. बायको म्हणते दोरी बांधा, मी बांधतो. गाठ बघा कशी पडलीय.

जकारियस : आत काय आहे?

यॉर्ग : गाठ बाहेरून मारतात, दादा.

राहेल : सोडू नकोस ती... सोडलीस? घे, बघ मग.

जकारियस : पेंढा.

राहेल : गव्हाचा आहे. स्वच्छ आहे.

जकारियस : सगळ्या खोक्यांत?

राहेल : उशांचं एक सोडून.

यॉर्ग : तरीच. मी म्हणतोय, सगळं बांधून झालं तर माझा रविवारचा कोट खुंटीवर कसा?

जकारियस : राहेल, घंटा झाली की अख्खी वसाहत सभागृहात जमेल. टोपीत दोन चिठ्ठ्या पडतील, एक माझ्या नावाची, एक दुसऱ्या पाळकाच्या, आंद्रेयासच्या. ज्याची निघेल त्याने आपल्या वाटची अर्धी वसाहत घेऊन उत्तरेच्या नव्या जागेवर जायचं. आजच, उभ्या पावली. ट्रक उभे आहेत. कोण जाणार ते कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक घराने सामान बांधायचं. हे तुला मी सांगायचं? आपली आई याच रीतीने इथे आली. भट्टीत पाव तसेच टाकून.

राहेल : ठाऊक आहे. पावांचं तिने मरेपर्यंत ऐकवलं.

जकारियस : मग पेंढा कुणाला दाखवायला बांधलास? शेजाऱ्यांना, की देवाला?

राहेल : शेजाऱ्यांना. देवाला आतलं दिसतंच.

यॉर्ग : हे मात्र खरंय.

जकारियस : दाजी, हसण्यावारी नेऊ नका.

यॉर्ग : हसत नाही मी. माझं तोंडच असं आहे.

जकारियस : रूबेनसाठी ना, राहेल?

राहेल : मग आणखी कुणासाठी? तो पळाला तेव्हा ही उत्तरेची जागा घेतलेलीसुद्धा नव्हती. त्याला काय ठाऊक? कुठेतरी तेलाच्या विहिरीवर राबत असेल. एक दिवस चालत येईल, आणि याच दाराशी येईल. दार कोण उघडेल? आंद्रेयासची सून. "कोण पाहिजे?" म्हणेल. आणि तो तसाच मागे वळेल. माझं पोर मी ओळखते. दुसऱ्यांदा हाक मारणार नाही तो.

जकारियस : आंद्रेयास त्याला आपला ठावठिकाणा सांगेल.

राहेल : दार उघडणाऱ्याचा पहिला शब्द काय, त्यावर असतं रे सगळं.

जकारियस : आणि तो आलाच नाही तर?

यॉर्ग : येईल की. त्याचे बूट आहेत इथे.

जकारियस : अजून?

यॉर्ग : दारामागे. मीच शिवलेले, दुहेरी टाक्यांचे. गेला तो बाजारातले कापडी घालून. बर्फात. अक्कल बघा. दर शनिवारी चरबी चोळतो मी त्यांना. कातडं तडकलं तर पोरगं मलाच बोल लावेल.

जकारियस : राहेल, बाप्तिस्म्याला गुडघे टेकलेस तेव्हा काय कबूल केलंस?

राहेल : स्वतःचं म्हणून काही ठेवणार नाही.

जकारियस : काही म्हणजे?

राहेल : घर, कपडा, कमाई, मर्जी. आणि दिलं नाही का मी? या दाराला कधी कुलूप पाहिलंस? माझी लेक योहाना तापात गेली, तेव्हा "देवाची होती, देवाकडे गेली" असं मंडळीपुढे म्हणताना माझा आवाज कापला?

जकारियस : नाही कापला.

राहेल : मेलेलं देता येतं, दादा. ते आधीच नेलेलं असतं. जिवंत कसं देऊ?

जकारियस : जिवंतच द्यायचं असतं. जे हातातून गेलंच, ते देणं कसलं?

राहेल : आत्ता कोण बोलतंय? माझा दादा, की मंडळीचा पाळक?

जकारियस : दादाला बोलवत नाही, म्हणून पाळक बोलतोय. तुझ्या वहिनीची कबर इथे आहे. रोज गुडघे टेकले की तोंडात एकच येतं, मला इथेच राहू दे. मग मी तोंड मिटतो आणि नुसता टेकून राहतो. प्रार्थना म्हणून तेवढंच जमतं मला हल्ली. पण माझी खोकी उचलून बघ जा.

राहेल : वहिनीचा चष्मा?

जकारियस : बांधला. खिडकीत होता, तिथून उचलला.

राहेल : देव इतका कसा रे चिवट? एक कोपरासुद्धा सोडत नाही.

जकारियस : नाही सोडत. आणि हे बघ, पेंढ्याचं मी कुणाला सांगणार नाही. पण अर्धं मन घरी ठेवून त्या चिठ्ठीपुढे बसलीस, तर काय निघालं याला अर्थ नाही. राहायचं निघालं तर वाटेल, आपली चलाखी फळली. जायचं निघालं तर वाटेल, शिक्षा झाली. देवाचं असं काही तुझ्यापर्यंत पोचायचंच नाही.

राहेल : आणि भरली खोकी, तर?

जकारियस : तर खोकी भरली. पुढचं मला ठाऊक नाही.

राहेल : दिलासा देणं तुला कधी जमलंच नाही.

जकारियस : नाही जमलं.

राहेल : अहो, पेंढा काढा. सगळा. तुमचा कोट आणा, कपबश्या आणा, भिंतीवरचं घड्याळ. पण आधी ते बूट.

यॉर्ग : बूट राहू देत ना. त्यांना जागा ती काय लागते?

राहेल : आधी ते आणा. ते आत गेल्याशिवाय माझा हात चालायचा नाही... द्या इकडे. हा एक. हा दुसरा. झालं. या खोक्याला तुम्ही गाठ मारा, मी बाकीची भरते. दादा, ते घड्याळ धर.

जकारियस : उलटं नको, काच आहे... थांब, घंटा झाली.

राहेल : ही शेवटची बशी. चल.

यॉर्ग : तुम्ही दोघं व्हा पुढे. मी एवढी गाठ मारून आलोच.

(जकारियसच्या नावाची चिठ्ठी निघाली. सामान चढवून ट्रक निघाले आहेत. एका ट्रकच्या मागे, ताडपत्रीखाली, राहेल आणि यॉर्ग खोक्यांमध्ये बसले आहेत.)

राहेल : आंद्रेयासची बायको रडत होती.

यॉर्ग : तिची बहीण आपल्यात ना.

राहेल : मी नाही रडले.

यॉर्ग : बघितलं मी.

राहेल : दादाने टोपीत हात घातला, तेव्हा मी काही मागितलं नाही. जन्मात पहिल्यांदा. बरं वाटत नव्हतं आणि वाईटही वाटत नव्हतं. दाणा उचलून नेल्यावर कोठार असतं ना, तसं आत झालं होतं.

यॉर्ग : हं.

राहेल : ते बुटांचं खोकं द्या. मांडीवर घेते, इथे दणके फार बसतात.

यॉर्ग : असू दे तिथे.

राहेल : द्या म्हणते ना... अहो, हे इतकं हलकं कसं?

यॉर्ग : रस्ता खराब आहे.

राहेल : माझ्याकडे बघा.

यॉर्ग : पेंढा आहे त्यात.

राहेल : आणि बूट?

यॉर्ग : दारामागे. काय करू? तू ठेवलेस आणि मी काढले. रविवारी तुझा भाऊ सगळं देऊन टाका म्हणतो, तेव्हा सगळ्यांत जोरात मान मी डोलावतो. मला वाटायचं, माझं देऊन झालंय कधीच. आज कळलं. इतकी वर्षं माझ्या वाटचंही तूच धरून बसली होतीस, म्हणून मला धरावं लागलं नाही. तू सोडलंस आणि ते माझ्या हातात आलं.

राहेल : दादाला सांगावं लागेल. तिथली पहिली प्रार्थना व्हायच्या आधी.

यॉर्ग : सांगतो.

राहेल : सगळ्या मंडळीपुढे उभं करतील.

यॉर्ग : करू देत.

राहेल : आंद्रेयासची सून फेकून देईल ते.

यॉर्ग : तसलं कातडं कुणी फेकत नाही. घालेल तिचा नवरा.

राहेल : घालू दे. थंडी यायचीय... अहो.

यॉर्ग : काय?

राहेल : टोकं कुणीकडे करून ठेवलेत?

यॉर्ग : आत. आत्ताच घरी आल्यासारखी.