विहीणबाईंना नमस्कार

सोनूबाई – जरा हळू चाला की. वहाणा नव्या, डोंगर जुना, आणि मधे मी.

दयाराम – वहाणा कुनी सांगितल्या? लेकीला पहिल्या बाळंतपणाला न्यायचं, तर म्हनालीस, माथेरानला गोरे साहेब राहतात, अनवाणी कशी जाऊ?

सोनूबाई – साहेब कुठं भेटला? माकड भेटलं. उरणपासून छातीशी धरून आणलेला सुका जवळा पळवला, हुंगला, आणि माझ्याच अंगावर टाकला.

जनी – ते राहू दे, आये. काल आमच्या घरात शिरल्या शिरल्या नमस्कार कुनाला केलास?

सोनूबाई – तुझ्या सासूला.

जनी – खुंटीवर घोड्याचं घोंगडं होतं.

सोनूबाई – उत्तर येईना, तेव्हा वाटलं विहीणबाई रागावल्यात. म्हणून दुसऱ्यांदा केला.

दयाराम – वर लुगडं ठेवलंस तिच्या खांद्यावर.

सोनूबाई – शोभलं ना पन?

जनी – सासूबाई चुलीपाशी पदर तोंडात धरून बसल्या होत्या.

दयाराम – हा आला पॉइंट. बस या दगडावर. पुढं कडा हाय.

जनी – खाडीकडं पांढरं चमकतंय बघ, मिठाच्या राशी. लाकडाला आले की रोज बघते मी.

सोनूबाई – आपल्याच त्या. ती वाकडी तुझ्या बानं रचलेली.

दयाराम – अगो, खाडी या अंगाला हाय.

(जनी आईचा खांदा धरून तिला खाडीकडं वळवते.)

जनी – आये, मी इथंच बाळंत होते. इथली सुईण चांगली हाय म्हनतात.

सोनूबाई – निम्म्या गावाची पोरं या हातांनी काढली, आणि माझी लेक दुसरीच्या हाती?

जनी – तसं न्हाय गं. डोंगर उतरताना आगगाडीला हिसके फार.

दयाराम – वळणंही फार. पोर म्हनते ते खरं हाय.

सोनूबाई – काल तर पाळण्यागत गाडी म्हणत होतात.

दयाराम – काल उतरायचं न्हवतं.

सोनूबाई – बिचाऱ्या गाडीला किती नावं ठेवाल दोघं? मला दिसत न्हाय, जने. दिवाळीपासून सगळं धुकंच हाय. सुईण दुसरी बोलावू. तू तेवढी घरी चल. बाळ कुनासारखं हाय, ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.