पुढचा दात

रग्बीच्या राष्ट्रीय संघात नव्याने निवड झालेली ती दंतवैद्याकडे तोंडावर रुमाल धरून बसली होती. समोर सासरे-जावई तिच्यावरूनच भांडत होते. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं.

“मामा, ती पोरगी जेमतेम खांद्याएवढी. पहिल्याच धडकेत आडवी होईल!”

“जावईबापू, चेंडू घेऊन सुटली की कुणाला सापडते का ती?”

“आणि समोरच्या धिप्पाड बायकांना अडवायचं कुणी?”

“तीच अडवेल. पाय धरून पाडेल.”

“काहीतरीच!”

तिने रुमाल काढला. पुढचा दात अर्धा तुटला होता.

“काल सरावात आमच्यातल्या सगळ्यात दांडगीला पाडलं, दादा. तेव्हाच हा गेला.”

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले.

“दात बसवला की महिनाभर खेळ बंद.”

“मग स्पर्धेनंतर बसवू,” म्हणत ती उठली आणि जावयाकडे बघून तोंडभर हसली.