डावीकडे मऊ, उजवीकडे कडक

ताई : आधी गाडी खाली घे. माझा बाप आत बसलाय.

उस्ताद : बसलेत, पण मजेत बसलेत, ताईसाहेब. काच खाली आहे, वारा लागतोय. आणि लिफ्ट आपली दणकट. हत्ती चढवला तरी—

ताई : हत्ती चढव नाहीतर तुझ्या सासऱ्याला चढव. सत्तरी उलटलेला, मणका दुखावलेला माणूस आत बसवून गाडी डोक्याच्या वर टांगतात का रे? हे गॅरेज आहे की जत्रेतला पाळणा? बाबा! ओ बाबा! दार उघडू नका हं, पाय खाली टाकाल तर थेट ऑइलच्या पिंपात जाल!

उस्ताद : ते बोलायचे नाहीत.

ताई : का?

उस्ताद : हवा खातायत.

ताई : तोंड मिटून?

उस्ताद : म्हातारी माणसं नाकाने खातात, ताईसाहेब.

ताई : हे बघ उस्ताद, सकाळपासून माझं डोकं फिरलंय, अजून फिरवू नकोस. वर आहेच गाडी, तर मला खालून बघू दे. दे तो टॉर्च.

उस्ताद : नको नको, खाली ग्रीस सांडलंय. तुमचे कपडे—

ताई : कपडे? मी सकाळी शर्यतीच्या चाचणी फेरीत ही गाडी घेऊन समालोचकाच्या तंबूत शिरले. अर्धा तंबू अंगावर घेऊन बाहेर आले. गाडी ओढून इथे पाठवली, मागून मी आले. आणि तू मला कपड्यांचं सांगतोस?

उस्ताद : अरे देवा. ब्रेक फेल झाला का?

ताई : ब्रेक फेल झाला असता तर सरळ गेले असते! ब्रेक उत्तम लागला. स्टिअरिंग सरळ, हात सरळ, रस्ता सरळ. आणि गाडी डावीकडे! जणू तिकडून तिला कोणी नाव घेऊन हाक मारली. तो समालोचक माईकवर ओरडत होता, 'ताई वळणाकडे येतायत, येतायत, अहो, इकडे कुठे येतायत?' पुढची त्याची किंकाळी सगळ्या मैदानाने ऐकली. चहाची किटली माझ्या बॉनेटवर, आणि प्रमुख पाहुणे टेबलाखाली.

उस्ताद : कोणाला लागलं-बिगलं नाही ना?

ताई : लागलं. मला. इथे, काळजात. इतकी वर्षं टायर झिजवले, तेव्हा पहिल्यांदा अंतिम फेरीत नाव आलं. रविवारी शर्यत आहे. पुढच्या वर्षी माझ्या वयाच्या बायकांना ते फक्त झेंडा दाखवायला बोलावतील. आयोजक म्हणाले, उद्या संध्याकाळच्या आत ही गाडी सरळ थांबवून दाखवा, नाहीतर नाव खोडतो. आता बोल. काय केलंयस माझ्या गाडीला?

भाऊ : 'माझ्या' गाडीला? वा. मी आत येईपर्यंत मालकीही बदलली का?

ताई : आला. हाच राहिला होता.

भाऊ : गाडी इथे आणलीय असा मैदानावरून फोन आला म्हणून दुकान नोकरावर टाकून आलोय. आता तो खोकल्याच्या औषधाऐवजी काय देईल देव जाणे. आणि बाबा कुठायत? घराला कुलूप आहे.

ताई : वर बघ.

भाऊ : बाबा! तिथे काय करताय? ताई, तू बाबांना वर चढवलंस?

ताई : मी चढवलं? मी आले तेव्हाच ते आकाशात होते!

भाऊ : तुझं काही सांगता येत नाही. गाडीची जी दशा केलीस ती बाबांची करायला वेळ लागणार नाही. परवा दवाखान्यातून आणत होतो त्यांना. सिग्नल लाल झाला, सभ्य माणसासारखा ब्रेक मारला. आणि गाडी फुटपाथ चढून न्हाव्याच्या दुकानात!

उस्ताद : आत?

भाऊ : उंबऱ्यापर्यंत. आत खुर्चीवर एक मुख्याध्यापक मिशी कोरून घेत होते. न्हावी दचकला, वस्तरा दचकला, अर्धी मिशी गेली. गृहस्थ आरशात बघून मला म्हणतात कसे, 'आता उरलेली तुम्ही काढता की मी काढू?' आणि बाबा मागच्या सीटवर कळवळतायत. आणि हे सगळं का? तर बाईसाहेब रविवार-रविवार ही गाडी ट्रॅकवर नेऊन तिची हाडं खिळखिळी करतात म्हणून!

ताई : माझ्यावर ढकलू नकोस, बाळ्या! ट्रॅकवर गाडी वाकडी जात नव्हती. गेल्या आठवड्यात इथून काम करून नेली, तेव्हापासून जातेय. आणि मी तर नवीन बुश टाकायला सांगितलं होतं!

भाऊ : तू सांगितलंस? मी सांगितलं होतं!

ताई : तू? तुला बुश म्हणजे काय ते तरी माहितेय का?

भाऊ : चाकाचा आर्म गाडीला जिथे जोडतात, तिथे नळकांड्यात बसवलेलं रबर. अडाणी समजू नकोस मला. बाबांच्या पाठीला धक्के बसतात म्हणून मीच उस्तादला म्हणालो, जुनी झिजलीत ती काढ आणि नवीन, चांगली मऊ रबरी घाल. चारही चाकांना.

ताई : रबरी! उस्ताद, मी काय सांगितलं होतं?

उस्ताद : ताईसाहेब, जरा पाणी घेता का?

ताई : मी सांगितलं होतं, पॉलीचे, प्लास्टिकसारखे कडक बुश! चारही चाकांना! रबर ब्रेक मारला की दबतं, वळण घेतलं की दबतं, चाक जागचं हलतं. पॉलीचं हलत नाही. चाकाला जिथे ठेवू तिथे राहतं.

भाऊ : हो, आणि रस्त्यातला खड्डा गिळत नाही. बाबांच्या मणक्यात घरपोच देतं.

ताई : मग उशी ठेव ना मागे!

भाऊ : तू ठेव ना उशी! रविवारी जिंकलीस की त्या कपाच्या खाली ठेव! दर दुसऱ्या दिवशी बाबांना दवाखान्यात मी नेतो. कण्हणं मी ऐकतो. तुझ्या कानात हेल्मेट!

ताई : दवाखान्यात न्यायला मी कधी नाही म्हटलं? तूच म्हणालास, 'तू चालवलीस तर पोचायच्या आधीच ऑपरेशन करावं लागेल'!

भाऊ : खोटं म्हणालो का?

उस्ताद : भांडू नका हो. बाबा ऐकतायत वर.

ताई : गप्प बस! तुझा नंबर आलाय आता. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या. तू ऐकलंस कोणाचं?

भाऊ : माझंच ऐकलं असणार. परवा खड्ड्यात गाडी लोण्यासारखी गेली, बाबाच म्हणाले. मी चालवत होतो. मला धक्के बसले, पण त्यांना नाही.

ताई : काय म्हणालास? तुला बसले, बाबांना नाही?

भाऊ : हो. मला वाटलं, माझं वय झालं.

ताई : बाबा मागे कुठल्या बाजूला बसतात?

भाऊ : डावीकडे. नेहमी.

ताई : दे तो टॉर्च, उस्ताद. दे म्हणते ना! ...हे बघ. पुढचं डावं चाक, काळं रबर. मागचं डावं, काळं रबर. आता उजवीकडे... लाल. हेही लाल. बाळ्या, हा लाल रंग पॉलीचा असतो.

भाऊ : म्हणजे?

ताई : म्हणजे या नरश्रेष्ठाने एकाच गाडीला डावीकडे मऊ आणि उजवीकडे कडक बसवलंय! ब्रेक मारला की डावं चाक मागे सरकतं, उजवं ढिम्म हलत नाही! गाडी डावीकडे नाही जाणार तर काय काशीला जाईल?

भाऊ : अरे, माणूस आहेस की कोण? आमच्या दुकानात दोन रोग्यांनी दोन औषधं मागितली आणि मी दोन्ही एका बाटलीत ओतली, तर दोघांच्या तिरड्या एकदम निघतील!

उस्ताद : आता तुम्ही बोललात, तर माझंही ऐका. हे काम या भागात कोणी केलेलं नाही. पंचवीस गॅरेजं आहेत, कोणाला सुचलं नाही. बाबा बसतात डावीकडे, म्हणून डावीकडे मऊ. ताईसाहेब चालवतात उजवीकडे बसून, म्हणून उजवीकडे कडक. ज्याच्या बुडाखाली जे हवं ते! माणूस बघून बसवलेत मी बुश.

ताई : मी तुझ्या बुडाखाली पाना बसवते, थांब.

उस्ताद : अहो, फेरी मारून बघितली की मी!

भाऊ : आणि?

उस्ताद : ब्रेक नाही मारला. गरज नाही पडली.

भाऊ : ताई, तू याला सोडू नकोस. मीही सोडत नाही. अर्धा अर्धा वाटून घेऊ.

उस्ताद : मला कशाला वाटता? मी माझ्या मनाने केलं का हे? मी म्हणालो होतो, एकाचं काहीतरी ठरवा. पण वरूनच हुकूम आला.

ताई : कुठून वरून?

उस्ताद : तेव्हा खालीच होते. आता वर आहेत.

भाऊ : बाबा?

उस्ताद : इथे येऊन मला म्हणाले, 'पोरगी कडक मागते, पोरगा मऊ मागतो. कोणाचं मन मोडू नकोस. निम्मे निम्मे टाक, आणि दोघांनाही सांग, तुझंच ऐकलं.' आज गाडी इथे ओढून आणल्याचं कळलं तसे परत आले. म्हणाले, पोरं यायच्या आत गुपचूप सगळे सारखे कर. मी विचारलं, सारखे म्हणजे कुठले? त्यावर विचारच करत बसले. तेवढ्यात फाटकाशी ताईसाहेबांचा आवाज. बाबा गाडीत शिरले, आतून दार लावलं आणि म्हणाले, 'घे वर.'

ताई : बाबा! खरं आहे हे?

भाऊ : बोलू नका, बाबा, बोलू नका! आयुष्यात कधी बोललात? मला तबला शिकायचा होता, हिला पेटी. तर तुम्ही दोघांना बासरी लावलीत! दोघांपैकी कोणालाच नको होती ती बासरी! शेजाऱ्यांनाही नको होती!

ताई : एका खोलीच्या मधोमध कपाट उभं केलंत. खिडकी याच्या बाजूला अर्धी, माझ्या बाजूला अर्धी. कपाटामुळे उघडायची कोणालाच नाही. आणि ही गाडी! मला शर्यतीची हवी होती, याला चार दारांची. तर शोधून शोधून चार दारांची शर्यतीची आणलीत!

भाऊ : हिला वाटलं तिची, मला वाटलं माझी. आणि तुम्ही मध्ये उभे, 'भांडू नका रे' म्हणत. आम्ही भांडतच तुमच्यामुळे आलो, बाबा! तुम्ही एकदा म्हणाला असतात ना, 'बाळ्या, तुला नाही मिळणार', तर मी एक दिवस रडलो असतो आणि झोपलो असतो!

ताई : मीसुद्धा! गाडी मारली असती का मी तंबूत? माणसं मेली असती, बाबा, तुमच्या निम्म्या निम्म्यात! तुम्ही स्वतः आत होतात, न्हाव्याच्या दारात!

उस्ताद : जरा हळू. रस्त्यावर माणसं जमलीत.

ताई : जमू देत. तिकीट लाव. बाबा, मी आता एकच विचारते. बुश एकाच जातीचे बसणार. चारही चाकांना. मऊ बसले तर रविवारी मी उतरत नाही, नाव खोडतात, विषय संपला. कडक बसले तर हा तुम्हाला या गाडीतून दवाखान्यात नेऊ शकत नाही. मध्ये काही नाही. सांगा, कोणाचं?

भाऊ : सांगणार नाहीत ते. म्हणतील, सोमवारी मऊ, रविवारी कडक.

ताई : सांगा!

उस्ताद : बाबा, सांगून टाका. माझंही गॅरेज आहे, दुसरं गिऱ्हाईक खोळंबलंय.

(वर काच आणखी खाली येते.)

बाबा : पोरीचं.

भाऊ : काय?

बाबा : पोरीचं कर, उस्ताद. चारही कडक. ती उतरू दे रविवारी.

भाऊ : आणि तुमची पाठ?

बाबा : मी भाड्याच्या गाडीने जाईन दवाखान्यात.

भाऊ : एकटे?

बाबा : तू येशील तर नाही.

उस्ताद : मग झालं तर! आत्ता लागतो कामाला. भाऊ, असे उभे का? बसा की. चहा सांगू का?

भाऊ : नको.

ताई : बाळ्या.

भाऊ : काही नाही गं. 'नाही' ऐकायची सवय नाही, एवढंच.

ताई : हे बघ... बाबा, उस्ताद, थांबा जरा. पुढच्या दोन्ही चाकांना कडक टाकू आणि मागच्या दोन्हींना मऊ. डावं-उजवं सारखं असलं की गाडी सरळ थांबते. रस्त्यावर आणि ट्रॅकवर दोन्हीकडे चालवणारे पुष्कळ लोक तसंच करतात. मला सेकंद-दोन सेकंद कमी पडतील, पण मागे बसणाऱ्याला—

भाऊ : नको, ताई. या वेळी पूर्ण घे.