कॅप्टन चुकला तर

...अन् ठरवून चुकणं काय सोपं हाये का हो? रोज उठा अन् नवी चूक शोधा! आदिलाबादेत भाजीचं दुकान हाये माझं, लोक मले शहाणा समजतात. पण आमची हर्षाली पायलटचं शिकून आली अन् मांगच्या मुलाखतीत नापास झाली. इमान झकास चालवते हो, पण तिथल्या साहेबानं इचारलं, "कॅप्टन चुकून राह्यला, तू बाजूले बसली, तं काय करशील?" अन् आमची पोरगी म्हणते, "सर, मोठ्यांपुढं मी काय बोलणार?" झालं! हे शिकवलं कोणं? म्याच. मोठ्याइले उलटून बोलू नाई म्हणून लहानपणापासून घोकवलं. आता तुमीच सांगा, बापानं काय करावं?

मंग झालो मी घरचा कॅप्टन. म्हटलं, मी चुकत जातो, तू टोकत जाय. तिच्या चहात मीठ टाकलं... पेली ना पोट्टी, वरून "छान झाला, बाबा." उलटा शर्ट घालून दुकानाले निघालो, तं तिनं गुमान चपला पुढं ठेवल्या. गाडीवर मांगं बसवून स्टेशनाले म्हणून निघालो अन् भलत्याच, मुधोळच्या रस्त्याले लागलो. वाटलं आता बोलन, मंग बोलन... गावं मांगं पडून राह्यली, अन् मांगून आवाज येते, "बाबा, तुमाले ऊन तं नाई लागून राह्यलं?" राग कराव का लाड कराव? तुमीच सांगा, बापानं काय करावं?

आमची बायको विमलबाई म्हणते, "मलेच पाठवा मुलाखतीले." पाठवलं असतं, पण थे बाजूले बसली तं कॅप्टन इमान सुरूच नाई करणार.

काल हर्षालीनं बॅग भरली, हैदराबादेले दुसरी मुलाखत. म्या बी पिशवी भरली. म्हटलं, संगं येतो, बाहेर डबा धरून बसतो, साहेब दिसले तं सांगतो, पोरगी लय गुणाची हाये. तं थे उठली. माझ्या डोळ्यात पाहून म्हणते, "बाबा, हे तुमचं चुकते. मी एकटी जातो."

म्या ऐकलंच नाई असं केलं. तं परत, जरा मोठ्यानं, "बाबा, चुकते तुमचं. पिशवी ठेवा खाली."

छाती भरून आली हो. विमलबाई तं डोळे पुसत म्हणे, "वा, कशी ठरवून चूक केली तुमी!" मी बी मिशीवर हात फिरवला. आज सकाळी पोरगी गेली एकटी.

पण तुमाले म्हणून सांगतो, थे चूक काही म्या ठरवून नव्हती केली... मले खरंच जायचं होतं.