कापसाची दाढी

...आणि वर म्हणे टाळ्या वाजवा! कशासाठी? कुणासाठी? अहो, ऐकू आलं असतं तर वाजवल्या असत्या ना! तुम्हाला सांगतो, तिसऱ्या रांगेत बसलो होतो मी, तिसऱ्या! आणि कान माझे शाबूत आहेत. एक्क्याऐंशी वर्षांचा आहे, पण आमची बायको, कुलीपा, शेजारच्या खोलीत फोनवर सुनेच्या चहाड्या करते ना, शब्दन्‌शब्द ऐकू येतो. आणि इथे स्टेजवर सात पोरं तोंडं हलवतायत, हलवतायत... आवाज? आवाज पोचत नाही!

अहो, चाळीस वर्षं मी वरच्या कुरणांवर घोडे राखलेत. या डोंगरावरून त्या डोंगरावरच्या माणसाला विचारायचो, "चहा झाला का रे?" आणि तो तिकडून म्हणायचा, "साखर संपलीय!" मधे नदी! मधे वारा! आणि ही पोरं म्हणे तीन वर्षं कॉलेजात काय शिकतात, तर बोलायला. बोलायला! मग दोन वर्षांची असताना आईजवळ काय शिकली?

तुम्ही म्हणाल, मग गेलास कशाला? हौस नव्हती हो! गेलो ते नातीपायी. माझ्या मुलाची, कुबानची मुलगी, बेगायिम. नाटकाच्या वर्गात आहे. कुबान आला माझ्याकडे तोंड पाडून. "बाबा, पोरगी वाया चालली. बिश्केकला माझ्या मेव्हणीच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टरच्या हाताखाली जागा आहे, सोमवारी हजर व्हायचंय. मी बोललो तर रडते. तुम्ही नाटक बघा आणि सांगा. तुमचा शब्द शेवटचा." आणि ही बेगायिम, एवढीशी, म्हणते कशी, "चालेल. ताता म्हणतील ते मान्य. नाटक की दात, तातांनी ठरवायचं. पण ताता, शेवटपर्यंत बसायचं हं, मधे उठायचं नाही!" शेवटपर्यंत! मी हो म्हणालो. तिथेच फसलो.

पडदा उघडला. म्हणजे अर्धा उघडला, अर्धा अडकला. आत काय, तर आपला लोकरीच्या नमद्याचा तंबू. कशाचा केला होता? चादरींचा! फुलाफुलांच्या! बरं, असू दे. आत माणसं कशी बसलेली? सगळ्यात धाकटं पोरगं दारासमोर मानाच्या जागेवर मांडी ठोकून, आणि घरातला म्हातारा दाराशी, जोड्यांजवळ! माझा तर रक्तदाबच वाढला. मग घोडा आला. दोन पोरांचा घोडा, एक पुढे, एक मागे, वर घोंगडी. पुढचा डावीकडे वळला, मागच्याला कुणी कळवलंच नाही. मी घोडे राखलेत चाळीस वर्षं, पोटातून फाटलेला घोडा पहिल्यांदा पाहिला!

मग जेवण. मेंढीचं शिजवलेलं डोकं, कागदाच्या लगद्याचं, एक पोरगा ताटात घेऊन आला आणि दिलं कुणाला? सुनेला! डोकं! सुनेला! आता मात्र राहवलं नाही, मी बसल्या जागेवरून ओरडलो, "अरे गाढवा, डोकं म्हाताऱ्याला दे!" तर त्या पोराने काय करावं? दचकून सुनेच्या हातून डोकं काढून घेतलं आणि गपचूप म्हाताऱ्यापुढे ठेवलं. बघा! याला म्हणतात आवाज! कुलीपाने माझ्या दंडाला असा चिमटा काढला... "ए म्हाताऱ्या, गप बस! आपली नात आहे तिकडे!" अगं पण आवाज पोचत नाही!

आणि तो म्हातारा! आमच्या शेजारच्यांचा आदिल, वय वर्षं वीस, तोंडावर कापसाची दाढी, कानामागून इलॅस्टिक. तो बोलायला लागला की दाढी वर जायची, नाकात. शब्द सगळे कापसातच. आणि चालणं कसं? थांबा, दाखवतो... असा कमरेवर हात, अशी मान खाली, हे असे गुडघे, आणि दर दोन पावलांना खोकला. का रे बाबा? मी चालतो का असा? मी आत्ता इथे चालत आलो, खोकलो का? या पोरांच्या लेखी म्हातारा म्हणजे काय, तर कंबर आणि खोकला. झालं!

आणि स्वतःची नात म्हणून लपवत नाही, बेगायिमसुद्धा... वाईट! वाईट हो! हातांचं काय करावं तेच तिला कळेना. कधी पुढे बांधतेय, कधी मागे लपवतेय, जसं काही दुसऱ्याचे हात घालून आलीय. मी कुबानकडे वाकलो आणि एवढंच म्हणालो, "दात." तो म्हणाला, "दात?" म्हटलं, "दातच!" त्याचा चेहरा कसा खुलला. विषय संपला. आता फक्त नाटक संपायचं होतं.

शेवटचा प्रवेश. पोरगी घर सोडून लांब शिकायला निघालीय, उंबऱ्याशी उभी. बेगायिम म्हातार्‍यासमोर आली, दोन्ही तळहात असे पुढे उघडले आणि म्हणाली, "आजोबा, निघाले मी. वाटेसाठी दुआ द्या." आणि काय सांगू, हे वाक्य ऐकू आलं. पहिल्यांदा! स्वच्छ! मागच्या भिंतीपर्यंत!

आता आपल्याकडचं तुम्हाला माहीतच आहे. कुणी दुआ मागितली की हात काय विचारून उघडतात? स्टेजवरच्या सातही जणांचे हात उघडले. घोड्याचेसुद्धा! घोंगडीतून चार हात बाहेर. आणि मी बघतो तो हॉलमध्ये सगळ्यांचे हात उघडलेले! तीनशे माणसं! नाटक आहे, खोटं आहे, पण दुआ म्हटलं ना! माझ्या मागच्याच्या मुठीत सूर्यफुलाच्या बिया होत्या, त्याने बियांसकट तळहात उघडला. उपप्राचार्यबाई माइक काखेत धरून हात उघडून बसल्या. कुबानचे उघडलेले, माझे उघडलेले. आणि सगळे त्या कापसाच्या दाढीकडे बघतायत... आणि दाढी गप्प!

विसरला! ठोंब्या विसरला! दातखीळ बसली! एक मिनिट झालं. दोन झाली. विंगेतून कुणीतरी कुजबुजून सांगत होतं, पण काय उपयोग, आवाज पोचत नाही! बरं, हात खाली कसे घेणार? दुआ पुरी झाल्याशिवाय, ओमिन म्हणून तोंडावरून हात फिरवल्याशिवाय हात खाली घेतलेत का तुमच्या सात पिढ्यांत कुणी? पडदा तरी पाडा म्हणावं, तर पडदा ओढणारा तिकडे कोपऱ्यात दोन्ही हात उघडून उभा! दोर ओढणार कोण? दिवेवाल्याचे हात उघडलेले, दिवा मालवणार कोण? खांदे भरून आले हो सगळ्यांचे!

तेवढ्यात कुलीपा म्हणते, "ए म्हाताऱ्या, इथे वयाने सगळ्यात मोठं कोण आहे?" झालं! तीनशे माना वळल्या. मी मागे बघितलं, माझ्याहून मोठा कुणी आहे का म्हणून. एक साबीर होता माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, जिथेतिथे दुआ तोच द्यायचा... तो गेल्या हिवाळ्यात गेला. म्हणजे आता मीच. मला ते तिथे, त्या क्षणी कळलं. बरं नाही वाटलं.

उठलो. मनात ठरवलेलं, "सगळे सुखात राहा, ओमिन," एवढं म्हणायचं आणि बसायचं. लबाडी नाही, बांधिलकी नाही. पण ती पोरगी माझ्याकडे बघत होती हो... तळहात उघडून. चार वर्षांची असताना माझ्या खिशातला सुका जर्दाळू मागायला अशीच उभी राहायची. आता मी काय दगडाचा आहे? आणि तोंडातून काय निघालं तर, "जा पोरी! तुझी वाट शुभ्र होवो! ज्या कामाला निघालीस ते काम तुझंच होवो! तुझा आवाज सात डोंगरांपलीकडे पोचो! आणि तुला अडवील त्याची जीभ टाळूला चिकटो! ओमिन!"

ओमिन! तीनशे माणसांचे हात तोंडांवरून फिरले, बिया सांडल्या, पडदा पडला, दिवे गेले, आणि काय त्या टाळ्या! मी खाली बसलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं, अडवणारा कोण होता? मीच की!

कुबान म्हणतो, "बाबा... दात?" म्हटलं, "कसले दात? दिलेली दुआ परत घेतात का? तुझी जीभ चिकटली तर मेव्हणीकडून सोडवून घेणार आहेस का?"

आणि ऐका, दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानात तो आदिल भेटला. म्हटलं, म्हण रे तुझी ती दुआ. तर पठ्ठ्याने घडाघडा म्हटली! न अडखळता! "मग काल काय धाड भरली होती?" तर बुटांकडे बघत म्हणतो, "बेगायिमनेच सांगितलं होतं... हात उघडले की काही झालं तरी तोंड उघडायचं नाही म्हणून." आणि पळाला! म्हणजे बघा! सबंध नाटकात एकालाही बोलता येत नव्हतं, आणि जो गप्प बसला तोच काय तो नट निघाला!

पुढे? पुढे काय, नाटक स्पर्धेला गेलं. बेगायिम म्हणाली, "ताता, दुआ तुम्हीच द्यायची." आदिलला घोड्याच्या मागच्या पायांत घातला. मी म्हटलं, त्यात काय अवघड, डोंगरावरून बोलणारा माणूस मी! परवा उभा राहिलो स्टेजवर. समोर काळोख, डोळ्यांत दिवे, गुडघे आपोआप वाकले, हात कमरेवर गेला, आणि... खोकलो हो! खोकलो! मग दुआ म्हटली, सगळी म्हटली, आणि तिसऱ्या रांगेतून कुणीतरी बाई खणखणीत ओरडली, "आवाज! आवाज पोचत नाही!" कोण असेल? आमची कुलीपा!

असो. उद्या तीन वाजता पुढच्या प्रयोगाची तालीम आहे. बेगायिमने येताना घरून कापूस आणायला सांगितलाय. माझी स्वतःची दाढी म्हणे खोटी वाटते!